मार्च ते मृग: बेकारीच्या विम्याबद्दल तुमचे प्रश्न

काम सुटल्यावर हाती काय पडतं, याबद्दल गेल्या पंधरवड्यात बरेच निरोप आले. एकीनं तर हजेरीच्या वहीचा फोटोच पाठवला. त्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न: एमआयडीसीत ठेकेदाराकडे चार वर्षं होतो. पगार 14,000, ईएसआय कापत होते. माणसं कमी करायची म्हणून काढलं. काही मिळते का? (बुटीबोरीजवळून)

मिळतं. पण भाऊ, आधी हे सांगा, सही कशावर केली? शेवटच्या पगारासोबत एक छापील कागद पुढे येतो: ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे.’ त्या एका ओळीपायी कामगार कपातीची भरपाई, म्हणजे दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, हातचा जातो. अजून सही केली नसेल तर करू नका. उलट कपातीचं पत्र लेखी मागा.

ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणारा कामगारांचा सरकारी विमा, आणि तो चालवणारं महामंडळ म्हणजे ईएसआयसी. तिची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 2018 पासून आहे. भत्ता जास्तीत जास्त 90 दिवस. सुरुवातीला रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळत, 2020 च्या कोरोनात 50 टक्के केले आणि पुढे ते मुदतवाढीवर मुदतवाढ देत चालवले. म्हणून चालू दर शाखा कार्यालयात विचारून घ्या. निम्म्याच्या हिशेबानं तुम्हाला दिवसाचे 233, तीन महिन्यांचे 21,000 च्या आसपास पडतील. अर्ज स्वतः करता येतो, ठेकेदाराच्या मागे फिरायची गरज नाही. कायदेशीर कपात किंवा कारखानाच बंद, असं असेल तर 2005 ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. तिच्यात 24 महिन्यांपर्यंत मिळतं, पहिलं वर्ष निम्मं, दुसरं पाव.

खटकणारी गोष्ट ही की अटल योजनेचा भत्ता जन्मात एकदाच. ठेक्याची नोकरी दर दोन-तीन वर्षांनी जाते. सुधारणा करायची तर पहिला हात इथे घाला.

प्रश्न: मी जिनिंगमधी रेजा (मजूर बाई) आहो. दिवाळीनंतर काम लागते, मार्चात बंद. मालक म्हणते, तुमाले ईएसआय लागूच नाही. खरं हाय का जी? (हिंगणघाट तालुका)

दुर्दैवानं खरं आहे, ताई. 1948 च्या ईएसआय कायद्यानं हंगामी कारखाने पहिल्याच कलमात वगळलेत. हंगामी कोणते, याची यादी कायद्यातच आहे आणि तिची सुरुवात कापसाच्या जिनिंगपासून, म्हणजे कापसातून सरकी काढण्यापासून, होते. मग प्रेसिंग, भुईमूग फोडणं, साखर, चहा वगैरे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही वगळणूक तशीच उतरली.

एक फट मात्र आहे. यादी ‘केवळ’ ही कामं करणाऱ्या कारखान्यांची आहे. त्याच आवारात सरकीची ऑईल मिल बारमाही चालत असेल, तर ‘केवळ’ लागू पडतं का, हे ईएसआयसीला लेखी विचारा.

मागे एका जिनिंगच्या फाटकावर संध्याकाळी थांबलो होतो. बायका डोक्याची फडकी सोडून झटकत होत्या. भुवयांवरसुद्धा रुई. मुनीमजी वहीत नावापुढे फुल्या मारत होते. हंगाम संपला की ती वही कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीला नवी निघते. चौदा वर्षं त्याच यंत्रापुढे कापूस टाकणारी बाई मला म्हणाली, ‘दरसाल मी नवीच असतो.’ सलग नोकरीचा पुरावा मागणारी योजना हिला कशी लागू होणार?

विमावाले म्हणतील, जी बेकारी दरवर्षी ठरल्या तारखेला येते, तिचा विमा उतरवायचा कसा? मुद्दा बरोबर आहे. मग लेव्ही म्हणा, म्हणजे मालकांकडून सक्तीनं घ्यायची वर्गणी. आपल्याच राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे. त्यात हमालाची नोंद मालकाच्या वहीत नाही, मंडळात असते. मालक बदलला तरी नोंद राहते. रेजांसाठी तेच करता येईल.

पण पैशाचा हिशेबही मांडू. ईएसआयचा दर मजुराचा 0.75 आणि मालकाचा 3.25 टक्के. 400 रुपये रोजावर दोघांचे मिळून 16. हंगामात 130 दिवस धरले तर 2,080. निम्म्या मजुरीनं हे दहाच दिवस पुरतात. म्हणजे मार्च ते मृग चूल चालवायची तर सरकारनं भर घातलीच पाहिजे. तेवढं न सांगता नुसतं ‘विमा द्या’ म्हणणारे पुढारी मला पटत नाहीत.

प्रश्न: वेचणीला मजूर मिळत नाही. घरबसल्या पैसे दिले तर वावरात कोण येईल? (दारव्हा तालुक्यातील शेतकरी)

दादा, वेचणी दिवाळीच्या आगेमागे. आपण बोलतोय मार्च ते मृगाबद्दल. पऱ्हाट्या उपटून झाल्या की कोरडवाहू वावरात त्या दिवसांत मजुराला काम किती देता? ब्राझीलमध्ये मासेमारी बंद असते तेवढ्याच काळापुरतं पारंपरिक मच्छिमाराला बेकारी विम्यातून किमान वेतन देतात. बंदी उठली की तो जाळं घेऊन निघतो. आणि कर्जमाफीनं शेतकरी आळशी होतो असं शहरातला कोणी म्हणाला की तुम्हाला जे वाटतं, तेच तुमचा प्रश्न वाचून मजुराला वाटेल.

प्रश्न: ई-श्रम कार्डावर बेकारीत पैसे मिळतात का?

नाही. ते असंघटित कामगारांच्या नोंदणीचं कार्ड आहे. तरी काढून ठेवा.

प्रश्न: रोजगार हमीचं काम मागितलं, महिना झाला, दिलं नाही. भत्ता मिळतो म्हणतात. (मेळघाट)

कायद्यात आहे. मागणीनंतर 15 दिवसांत काम नाही, तर पहिले 30 दिवस मजुरीचा पाव हिस्सा, पुढे निम्मा. 2025-26 च्या 312 रुपये दरानं पाव म्हणजे 78. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं नवा कायदा करून हमी 125 दिवसांची केली, भत्ता त्यातही आहे.

मग मिळत का नाही? भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यावा लागतो आणि 15 दिवस मोजायला तारीख लागते. म्हणून मागणी तोंडी घेतात. ‘नाव लिहून घेतलं, जा.’ तुमच्याकडे पोच आहे का? नसेल तर आजपासून मोजणी सुरू करा. चार-पाच घरांनी मिळून लेखी मागणी करा, ग्रामरोजगार सेवकाकडून तारखेची पोच घ्या. तो देत नसेल तर तोच अर्ज तहसीलच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. शिक्क्यातली तारीख पुसट उमटली तर तिथेच पेनानं लिहून मागा.