'ड्वेल' बोलताना कसा वापरायचा?

शब्दकोशात इंग्रजी 'ड्वेल' (dwell) म्हणजे राहणे, वास्तव्य करणे असं दिसेल. पण पत्ता सांगताना 'आय ड्वेल इन...' म्हणू नका. 'मी अमुक ठिकाणी निवास करतो' म्हटल्यासारखं वाटतं. ऐकणारा हसू दाबेल. तिथे साधं 'लिव्ह'च बरं.

रोजच्या बोलण्यात हे क्रियापद जिवंत आहे ते 'ऑन'च्या सोबतीने. 'डोन्ट ड्वेल ऑन इट' म्हणजे तेच तेच उगाळत बसू नकोस. आपलं 'उगाळणं' इथे अगदी फिट्ट बसतं! बहुधा चूक, अपमान, भांडण अशा नकोशा गोष्टींसाठीच हे येतं. सुट्टीचे बेत आखताना 'थिंक अबाउट' म्हणा. भूतकाळात 'ड्वेल्ट' किंवा 'ड्वेल्ड', दोन्ही चालतात.