वचन आधी कोणाला लावायचं?

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा वाटेत तू विचारलंस, "मावशी, माझं काय चुकलं? मी वचनच तर वाचलं." सोबत बायका होत्या म्हणून मी गप्प बसले. आज निवांत लिहिते.

त्या विधवा बाईच्या घरी तू बायबलातल्या रोमकरांस पत्रातलं ८:२८ वाचलंस. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे वचन. तिचा नवरा जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते, आणि तो कसा गेला हे गावाला ठाऊक आहे. तिने मान खाली घातली. तुला वाटलं, वचन तिच्या मनाला लागलं. मी तिच्या शेजारी बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता, तो तिने सोडवून घेतला. नंतर चुलीपाशी म्हणाली, "वचन मले माईत हाय बाई. माह्या तुरी उभ्याच वायल्या, त्या कोन सोंगून देते ते सांगा."

वचन खरं आहे. मीही माझ्या वाईट दिवसांत त्याला धरून राहिले आहे. पण तू अठ्ठाविसाव्या ओवीवर एकदम उडी मारलीस. त्याच अध्यायात थोडं वर जा. बाविसाव्यात सगळी सृष्टी कण्हते आहे. तेविसाव्यात आपण कण्हतो. सव्विसाव्यात तर, आपल्याला नीट प्रार्थनाही करता येत नाही म्हणून आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो, शब्दांत न मावणारं कण्हतो. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने कल्याणाची गोष्ट काढली ती एवढं सगळं कण्हून झाल्यावर. त्या घरात त्या दिवशी अध्याय सव्विसाव्या वचनापर्यंतच पोचला होता. तिथेच थांबायचं होतं.

सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाचे मित्र आठव. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते त्याच्यासोबत जमिनीवर सात दिवस, सात रात्री बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांचं बरोबर होतं. पुढे तोंड उघडलं आणि देवाविषयीच्या चांगल्या-चांगल्या गोष्टी त्याच्या जखमेवर बोलत राहिले. शेवटी, ४२व्या अध्यायात, देवाचा राग ईयोबावर झाला नाही, त्या मित्रांवर झाला. मला हे फार भीतीने आठवतं. खरी वाक्यंसुद्धा चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी लावली तर देवाला चालत नाहीत.

आता माझी गोष्ट सांगते. मंडळीत हे मी कधी बोलले नाही.

एका वर्षी सहा बायांची आठवड्याची वेचणीची मजुरी मी अडकवून ठेवली. कापूस विकला होता, पैसे हातात होते. पण पोराची फी आधी भरली. म्हटलं, बाया आपल्याच आहेत, थांबतील. त्या रविवारी प्रभुभोजन होतं आणि त्याआधी शब्बाथ शाळेत मी मुलांना लेवीय १९ शिकवत होते. शेताचे कोपरे कापू नका, सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं पीक वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सरवा म्हटलं की आपल्या मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या आया दरवर्षी वेचतात. परक्या देशातून येऊन सरवा वेचणाऱ्या रूथचीही गोष्ट सांगितली. मुलं रंगली होती. थोडं खाली तेरावं वचन आलं: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. एका पोरीने विचारलं, "म्हणजे त्याच दिवशी द्यायची का?"

तिची आई त्या सहा जणींत होती.

मी हो म्हटलं आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. पण पुढे मला अक्षर दिसेना. अनुवाद २४ मध्ये तर सूर्य मावळायच्या आत द्या म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मुलांना मीच पाठ करून घेत होते!

मग उपासना सुरू झाली. मत्तय ५ मध्ये येशू म्हणतो, वेदीजवळ दान आणल्यावर आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. हे नीट वाच. आपल्या मनात दुसऱ्याविरुद्ध काय आहे हे तो विचारत नाही. दुसऱ्याच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे, ते विचारतो. आणि तो बोलतोय गालीलात. वेदी यरुशलेमेत, तीनेक दिवसांची पायवाट. दान तिथेच ठेवून परत जा म्हणजे काय, ते ऐकणाऱ्यांच्या पायांना कळलं असेल. मला तर फक्त दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या.

त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतलं नाही. उठले, शेजाऱ्याकडून उसने घेतले, सहा घरं फिरले. पाच जणी हसून बोलल्या. सहावीने पैसे मोजून घेतले आणि दार लावलं. पुढच्या हंगामात ती माझ्या शेतात आली नाही. त्यात तिचं काही चुकलं नाही.

म्हणून सांगते, वचन आधी आपल्या शेतात, आपल्या हिशेबाच्या वहीत लावून बघ. तिथे ते काय मागतं ते कळलं की मग दुसऱ्याच्या दारात ते कधी आणि किती बोलायचं, हे हळूहळू समजायला लागतं.

आणि पूर्ण वाच. तुझ्या मोबाईलच्या स्टेटसवर यिर्मया २९:११ असतं, भवितव्याची आशा देणारं. ते पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत. दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगणारा हनन्या २८व्या अध्यायात आहे, आणि तो खोटा ठरला. यिर्मयाने सांगितलं, तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा आणि ज्या नगरात देवाने तुम्हाला नेलं त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. या गावात आपली चार घरं. गावच्या विहिरीसाठी, बाजाराच्या रस्त्यासाठी, ज्यांच्याकडे आपलं जाणं-येणं नाही त्यांच्या कापसाच्या पऱ्हाटीसाठी आपण रविवारी किती वेळा प्रार्थना करतो? एकदा तू पुढे होऊन कर. कोणी नवल केलं तर करू दे.

एखादा शब्द अडला तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर शेजारी ठेव. खेड्यातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये निघालं. माझी प्रत फाटकी आहे, पण वाचता येते. घेऊन जा.

आता उपासनेचं. पुढच्या महिन्यात तुझी पाळी आहे. यंदा सोयाबीन गेलं, कापसाचं तुला माहीत आहेच, आणि आपण नाताळापासून फक्त आनंदाची गीतं गातोय. स्तोत्रसंहितेत रडण्यालाही जागा आहे. १३वं स्तोत्र घे. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर?" विचारलंय, देवालाच विचारलंय. ८८वं तर अंधारातच संपतं, तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. लोकांना ते म्हणू दे. घाईघाईने पुढे आनंदाचं भजन लावू नको. पेटीवाल्यालाही आधीच सांगून ठेव.

हबक्कूकाचा तिसरा अध्याय मात्र तू वाचू नको. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, ते वचन. तुझ्या घरी महिन्याचा पगार येतो. ज्याच्या पऱ्हाटीला यंदा बोंडं धरली नाहीत असा कोणी स्वतःहून म्हणाला, "मी वाचतो," तर त्याला वाचू दे. कोणीच नाही म्हणालं तर तो अध्याय यंदा राहू दे.

येत्या बुधवारी आम्ही तिघी त्या विधवा बाईच्या तुरीत जाणार आहोत. दोन दिवसांत सोंगून होईल, मग झोडपायला माणसं लागतील. सकाळी सातला माझ्याकडे ये. विळा जास्तीचा आहे, डबा तेवढा आण.

तुझी,
मावशी