मोका पॉटची कॉफी कडूजार होते, एस्प्रेसो मशीन घेऊ का?

आत्ता नका घेऊ. तुम्ही लिहिलंय की मोका पॉटमध्ये (म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, ज्यात खालचं पाणी वाफेच्या दाबाने पावडरीतून वर चढतं) किराणा दुकानातली फिल्टर कॉफी पावडर घालता, गॅस मोठा ठेवता आणि कॉफी जळकट येते म्हणून मशीन घ्यायचं मनात आहे. अहो तीच पावडर मशीनमध्ये घातली तर तिथेही कडूच येणार, फक्त महागातली कडू.

आधी पाकीट उलटं करून वाचा. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) किती टक्के ते लिहावंच लागतं, आपल्याकडे ४९ टक्क्यांपर्यंत चालते. अशी पावडर दूध-साखर घातलेल्या फिल्टर कॉफीला झकास, मोका पॉटला नाही. बिनचिकोरीची, चिकमगळूर नाहीतर कूर्गकडची अरेबिका जातीची कॉफी घ्या, मीडियम रोस्ट म्हणजे मध्यम भाजलेली, आणि पाकिटावर रोस्टची तारीख हवी, नुसती एक्स्पायरी छापली असेल तर राहू द्या. ऑनलाइन मागवताना दळण 'मोका पॉट' निवडायचं.

आता खरी गोष्ट म्हणजे गॅस. पाणी आधी वेगळं उकळून घ्या आणि खालच्या भागात, बाजूला जो वाफेचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्याच्या जरा खालपर्यंतच भरा, कारण गार पाणी ठेवलं की ते तापून वर चढेपर्यंत अख्खं भांडं तापतं आणि वरची पावडर उगाच भाजत बसते. (पॉट पिळताना खालचा भाग फडक्याने धरा, चटका बसतो.) मधल्या चाळणीत पावडर काठोकाठ भरून बोटाने सपाट करा, पण दाबू नका, ते दाबणं एस्प्रेसोचं, इथे नाही. सगळ्यात लहान बर्नर, गॅस सिम, झाकण उघडं. आधी काळपट दाट धार येते, काकवीसारखी, मग ती फिकट पिवळसर व्हायला लागते, तिथेच पॉट उतरवायचा आणि बूड नळाखाली धरायचं. नंतरचं जे फसफस गुरगुर चालतं ना, त्यात वाफच जास्त असते आणि तुमचा कडूपणा बराचसा तिथून येतो. लोक मात्र शेवटचा थेंब वसूल होईपर्यंत उभे!

क्रीमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तो सोनेरी फेस, येत नाही म्हणून पॉटला दोष देऊ नका. १९३३चं हे बियालेती या इटालियन कंपनीचं डिझाइन जेमतेम एक-दोन बार दाबावर चालतं, एस्प्रेसोला साधारण ९ लागतात.

पुढे मशीन घेणारच असाल तर निम्मं बजेट ग्राइंडरला ठेवा. मिक्सरमध्ये बिया दळल्या की थोडं पीठ, थोडा रवा असं होतं, मग एकाच कपात कडू पण आणि आंबट पण. एस्प्रेसोचा हिशोब साधा आहे, १८ ग्रॅम पावडरीतून २५-३० सेकंदात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, दहा सेकंदात धो धो आली तर अजून बारीक दळा. म्हणजे दळण कमीजास्त करता येणारा ग्राइंडर नसेल तर मशीन घेऊन करणार काय? खोक्यावरच्या '१५ बार'ला भुलू नका, तो पंपाचा कमाल आकडा असतो. स्वस्त मशीनमधल्या दुहेरी तळाच्या बास्केटमधून (पावडर भरायची चाळणी) फेस येतो तोही बहुतेक नुसता फेसच.

हां, आणि पॉटच्या सांध्यातून वाफ जात असेल तर रबरी वॉशर बदला, सुटा मिळतो. अ‍ॅल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालणार नाही.