कीथलीचे स्पिरिच्युॲलिस्ट चर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मृतात्म्यांशी संवाद साधता येतो असे मानणारा स्पिरिच्युॲलिस्ट पंथ अमेरिकेत निघाला, परंतु ब्रिटनमधले त्याचे पहिले चर्च लंडनला न निघता यॉर्कशरमधल्या कीथली या गिरण्यांच्या गावात निघाले, असे वाचनात आले. हे कसे घडले?

उत्तर : न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात ३१ मार्च १८४८ च्या रात्री फॉक्स कुटुंबातील मार्गारेट आणि केट या दोन लहान बहिणींनी, घरात ऐकू येणाऱ्या ठोक्यांना प्रश्न विचारून उत्तरे मिळवल्याचा दावा केला आणि तेथून या चळवळीचा प्रारंभ धरला जातो. रॉचेस्टर शहरातील एमी आणि आयझॅक पोस्ट या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या गुलामगिरीविरोधी दांपत्याने मुलींना आधार दिला, आणि १४ नोव्हेंबर १८४९ रोजी तेथील कॉरिंथियन हॉलमध्ये पहिला जाहीर प्रयोग झाला. समाजसुधारणेच्या कामात असलेल्या माणसांनी ही गोष्ट आपली मानली, हे येथेच लक्षात ठेवायला हवे, कारण कीथलीतही पुढे तेच घडले.

लंडनला ही वार्ता १८५२ मध्ये बॉस्टनच्या श्रीमती हेडन यांच्यामार्फत पोहोचली. त्या शुल्क घेऊन बैठका करीत, आणि त्यांच्याकडे जाणारी मंडळी बहुतेक उच्चभ्रू असत. त्यांतले काही जण प्रभावित झाले. सहकारी चळवळीचे प्रणेते रॉबर्ट ओवेन यांनी तर वयाची ऐंशी उलटल्यावर या मताचा जाहीर स्वीकार केला. मात्र दिवाणखान्यातले कुतूहल दिवाणखान्यातच राहिले, त्यातून दर आठवड्याला एकत्र जमणारी मंडळी उभी राहिली नाही.

कीथलीत ती उभी राहिली. अमेरिकेत शेकर पंथीयांमध्ये राहून आलेले डेव्हिड रिचमंड १८५३ मध्ये तेथे आले आणि त्यांनी टेबलावर हात ठेवून बसण्याच्या बैठका करून दाखवल्या. त्यांना डेव्हिड वेदरहेड हे स्थानिक व्यापारी भेटले, आणि माझ्या मते कीथलीच्या मंडळीचे खरे संस्थापक तेच म्हणायला हवेत, कारण त्यांनी पैसा, जागा आणि छपाई यांची सोय केली. १८५५ मध्ये तेथून ‘यॉर्कशर स्पिरिच्युअल टेलिग्राफ’ हे नियतकालिक निघू लागले. ब्रिटनमधले या पंथाचे ते पहिले नियतकालिक होय.

बीज पडायला जमीन तयार होती, हे अधिक महत्त्वाचे आहे. लोकर विणणाऱ्या या गावात मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट ही कामगारांच्या शिक्षणाची संस्था १८२५ पासून चालू होती, मेथडिस्ट पंथामुळे सामान्य कामगाराने उभे राहून प्रवचन करणे कोणाला नवल वाटत नव्हते, आणि ओवेन यांच्या अनुयायांनी चिरंतन नरकाच्या कल्पनेवर टीका करून ठेवली होती. ज्या घरांत एखादे मूल दगावलेले नाही अशी घरे त्या काळी थोडीच असत, आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलाची गती काय, या प्रश्नाला काही धर्मोपदेशकांकडून मिळणारे उत्तर आईच्या काळजाला घर पाडणारे असे. अशा माणसांना पाद्र्याची मध्यस्थी नको आणि आपल्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती खात्री करून घेता येते, असे सांगणारा विचार आपलासा वाटला, यात आश्चर्य नाही.

प्रश्न : घरातल्या बैठकीचे चर्चमध्ये रूपांतर कोणत्या टप्प्यांनी होत असे?

उत्तर : आधी ओळखीच्या घरांतली मोजकी माणसे एका घरी ठरलेल्या दिवशी बसत, भजने म्हणत, आणि काही काळाने त्यांच्यातलीच एखादी व्यक्ती, पुष्कळदा तरुण स्त्री, माध्यम म्हणून, म्हणजे मृतात्म्यांचे निरोप सांगणारी म्हणून, पुढे येई. घर अपुरे पडू लागले की रविवारपुरता एखादा हॉल भाड्याने घेतला जाई आणि त्या भाड्यासाठी वर्गणी सुरू होई. वर्गणी आली की खजिनदार आला, हिशेब आला, सभासदांची सभा आली. या मंडळी सुरुवातीला स्वतःस सोसायटी किंवा असोसिएशन म्हणवीत, चर्च हे नाव पुढे रूढ झाले.

मुलांच्या शाळेखेरीज यांतल्या अनेक मंडळी एका पिढीतच संपल्या असत्या, असे मला वाटते. या पंथाचे अमेरिकन लेखक अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस यांनी १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘लायसियम’ नावाची रविवारची शाळा काढली. पाठांतर आणि धाक यांच्याऐवजी तेथे प्रश्नोत्तरे, कवायत, गाणी आणि निसर्गाचा अभ्यास असे. १८६६ मध्ये नॉटिंगहॅम येथे ब्रिटनमधले पहिले लायसियम निघाले, आणि ती प्रथा उत्तरेकडच्या गावांत पसरली.

स्त्रियांविषयी तर मुद्दाम लिहायला हवे. बहुतेक प्रस्थापित चर्चांत व्यासपीठ त्यांना बंद असताना येथे त्या शेकडो श्रोत्यांसमोर बोलत होत्या. त्यांत अग्रणी एमा हार्डिंग ब्रिटन (१८२३–१८९९). त्यांनी १८८७ मध्ये मँचेस्टरहून ‘द टू वर्ल्ड्स’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि विखुरलेल्या मंडळींना एकत्र आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८९० मध्ये मँचेस्टरमध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९०१ मध्ये त्याची जागा घेण्यासाठी ‘स्पिरिच्युॲलिस्ट्स नॅशनल युनियन’ नोंदवली गेली. या संघाची सात तत्त्वे ब्रिटनबाईंच्या व्याख्यानांतून आली, आणि ती त्यांना दिवंगत ओवेन यांच्याकडून मिळाली अशी अनुयायांची श्रद्धा आहे. ईश्वराचे पितृत्व आणि मानवाचे बंधुत्व यांनी सुरुवात होऊन प्रत्येक आत्म्याला प्रगतीचा मार्ग सदैव खुला आहे या विधानाने ती संपतात. मधले वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व हे, येशूने सर्वांच्या पापांचे प्रायश्चित्त केले या त्या काळच्या चर्चच्या शिकवणीला सरळ आव्हान होते.

अमेरिकेत वेगळा मार्गही दिसतो. बॉस्टनच्या मार्सेलस एअर या किराणा व्यापाऱ्याने १८८५ मध्ये एक्सेटर स्ट्रीटवर भव्य दगडी मंदिर बांधून दिले, परंतु तीस वर्षांच्या आतच त्या वास्तूचे नाट्यगृह झाले. वर्गणीवर उभ्या राहिलेल्या साध्या सभागृहांचे मोल अशा वेळी कळते.

प्रश्न : फॉक्स भगिनींनी स्वतःच फसवणूक कबूल केली होती ना? मग ही चर्चे कशी टिकली?

उत्तर : होय. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मार्गारेट यांनी आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून ठोके काढत होतो असे सांगून तसे करून दाखवले. पुढच्या वर्षी त्यांनी हा कबुलीजबाब मागे घेतला. बैठकीत हाताखालचे टेबल हलते ते नकळत होणाऱ्या स्नायूंच्या दाबाने, हे तर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी कीथलीतल्या त्या पहिल्याच वर्षी, १८५३ मध्ये, प्रयोगाने दाखवून दिले होते. मृतांशी बोलणे होते हे कोणत्याही तपासणीत सिद्ध झालेले नाही, आणि दुःखी माणसांना लुबाडणारी माध्यमे वारंवार पकडली गेली, हे निःसंदिग्धपणे नोंदवायला हवे.

तरीही या वृत्ताने स्थानिक मंडळी मोडल्या नाहीत, कारण त्यांचा आधार न्यूयॉर्कची कोणी प्रसिद्ध स्त्री नव्हती. आपल्या ओळखीच्या शेजारणीने आपल्याच मृत मुलाविषयी काही सांगितले, हा अनुभव सभासदांना पुरेसा होता. शिवाय ज्या सभागृहात मुलांचे शिक्षण, विवाह आणि अंत्यसंस्कार होत, ते एका वार्तेने सोडून देणे सोपे नसते.

कायद्याचा धोका अधिक प्रत्यक्ष होता. माध्यमांवर १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्याखाली खटले होत, आणि १९४४ मध्ये हेलन डंकन यांना तर १७३५ च्या चेटूकविषयक कायद्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. चर्चांच्या संघटित प्रयत्नांनंतर १९५१ मध्ये नवा कायदा झाला, आणि त्यानुसार जाणूनबुजून फसवणूक करून पैसे घेणारेच दोषी ठरू लागले.