समजतं, पण पेपरात येत नाही: क्लास बदलावा की शाखा?

पत्र: मुलगी अकरावी विज्ञानला आहे. दहावीपर्यंत गुण चांगले होते. आता चाचणीत भौतिकशास्त्राला ५० पैकी १९, रसायनशास्त्राला २२. रोज चार तास बसते, वाचते, महत्त्वाचं अधोरेखित करते. विचारलं तर म्हणते, सगळं समजलंय. एकदा क्लास बदलून झाला. पुन्हा बदलू, घरी शिकवणी लावू, की शाखाच बदलू? तिला अभियांत्रिकीला जायचंय. मी स्वतः आठवीला विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गातही हेच दिसतं. शिकवताना सगळे माना डोलावतात आणि चाचणीत पान कोरं.

नमस्कार ताई,

आधी उत्तर देते, कारणं नंतर. शाखेचा निर्णय आज घेऊ नका आणि क्लासही लगेच बदलू नका. सहा आठवडे अभ्यासाची पद्धत बदलून बघा. मात्र शाखा बदलण्याची मुदत कधी संपते ते कॉलेजच्या कार्यालयात उद्याच विचारा. मुदत जवळ असेल तर हेच सगळं चार आठवड्यांत बसवावं लागेल. मुदत हातची गेली, तर तुमच्यापुढे निवड उरणार नाही.

मुलगी ‘समजलंय’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नाही. पुस्तक समोर असताना तिला खरंच समजतं. पेपरात मात्र पुस्तक नसतं, तिथे डोक्यातून बाहेर काढावं लागतं, आणि तिच्या चार तासांत हा सराव एकदाही होत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांच्या हाती ४० टक्के राहिलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या हाती ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक होती. तुमच्या मुलीचा आत्मविश्वास आणि तिचे गुण यांचं जमत नाही, ते याचमुळे.

सुरुवात जुन्या उत्तरपत्रिकेपासून करा. भौतिकशास्त्राचे ३१ गुण गेलेत. प्रत्येक गेलेल्या गुणासमोर तिने, तुम्ही नव्हे, एक आकडा लिहायचा. १ म्हणजे हे माहीतच नव्हतं. २, माहीत होतं पण आठवलं नाही. ३, सूत्रं येत होती पण इथे कोणतं लावायचं ते कळलं नाही. ४, एकक, चिन्ह, आकडेमोड किंवा प्रश्न नीट वाचला नाही. ५, वेळ संपला. १ आणि २ मध्ये गल्लत हमखास होते. ती टाळायला पुस्तक बंद ठेवून एका शब्दाचा इशारा द्या. तेवढ्यावर उत्तर आलं तर तो २, नाहीतर १. रसायनशास्त्राचंही असंच करा. हा तक्ता तारीख घालून जपून ठेवा, शाखेचा निर्णय यावरच घ्यायचाय.

आता रोजचा अभ्यास. चार तास वाढवायचे नाहीत, जमल्यास तीनच करा. झोप कापून मिळवलेला तास उपयोगाचा नाही. एक बैठक ४५ मिनिटांची. पहिली १० मिनिटं कोरा कागद घेऊन कालचं आणि गेल्या आठवड्यातलं आठवून लिहायचं. मधली २५ मिनिटं नवा भाग. शेवटची १० मिनिटं पुस्तक मिटून आत्ता वाचलेलं पुन्हा लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं वेगळ्या रंगाने भरायचं. तोच भाग पुन्हा एक दिवसाने, मग चार, दहा आणि पंचवीस दिवसांनी कोऱ्या कागदावर यायला हवा. या तारखा धडा शिकतानाच वहीत टाकून ठेवाव्यात, ‘नंतर उजळणी करू’ यातला नंतर येत नाही.

हे बिघडतं कुठे, तेही सांगते. मुलं वीस सेकंदांत पुस्तकात डोकावतात. किमान दोन मिनिटं अडून राहायचं, कारण ओढून काढण्याचा तो प्रयत्न हाच सराव आहे. काही जण नुसती शीर्षकं लिहून मोकळे होतात. कागदावर व्याख्या, आकृती, सूत्र आणि सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचं एकक आलं पाहिजे. सगळ्यात मोठा धोका दुसऱ्या आठवड्यात येतो. पान अर्धं रिकामं राहतं, वाचताना वाटायचं तसं छान वाटत नाही आणि ‘ही पद्धत मला जमत नाही’ म्हणून मूल परत अधोरेखित करायला लागतं. तिला हे आधीच सांगून ठेवा: पहिले दहा-बारा दिवस असं वाटणारच.

तिच्या तक्त्यात ३ हा आकडा बराच असेल असा माझा अंदाज आहे, कारण दहावीत ठीक असलेली मुलं अकरावीच्या भौतिकशास्त्रात बहुधा तिथेच अडतात. गणितं धड्यानुसार सोडवली जातात. कार्य आणि ऊर्जेच्या धड्याखालचं गणित ऊर्जेनेच सुटणार हे शीर्षकच सांगतं. पेपरात शीर्षक नसतं. डग रोरर आणि केली टेलर या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाच्या चार प्रकारची गणितं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला मिसळून. सरावात प्रकारवारवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत चित्र उलटलं: प्रकारवार २०, मिसळ ६३.

म्हणून आठवड्यातून दोनदा हे करा. शिकून झालेल्या तीन-चार धड्यांतली १२ गणितं एका कागदावर उलटसुलट उतरवा, धड्याचं नाव न लिहिता. ती सोडवायची नाहीत. पंधरा मिनिटांत प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: कोणतं तत्त्व लावणार आणि गणितातल्या कोणत्या शब्दावरून ठरवलं. उतारावरून घसरणारा ठोकळाच घ्या. घर्षण नाही, उंची दिलीय आणि तळाचा वेग विचारलाय, तर ऊर्जेची अक्षय्यता थेट लागते. त्याच ठोकळ्याला खाली यायला किती वेळ लागेल असं विचारलं, तर आधी त्वरण काढावं लागतं. घर्षण आलं आणि किती अंतरावर थांबेल असं विचारलं, तर घर्षणाने केलेलं कार्य हिशेबात घ्यायला हवं. ठोकळा दुसऱ्यावर आपटून त्याला चिकटला, तर त्या क्षणापुरता संवेग. चित्र एकच, वाटा चार. निवडीचा हा सराव तिच्या गुणपत्रिकेत दिसायला थोडा वेळ लागेल. बारापैकी नऊ निवडी बरोबर यायला लागल्या की मग त्यातली चार गणितं शेवटपर्यंत सोडवायची.

चुकांची वही वेगळी ठेवा. प्रत्येक चुकीला चार गोष्टी: मी काय केलं, तसं का वाटलं, पुढच्या वेळी कोणती खूण बघेन आणि हेच गणित पुन्हा कधी सोडवेन त्याची तारीख. ‘सिली मिस्टेक’ हे कारण या वहीत चालणार नाही. ‘कोन अंशांत होता आणि कॅल्क्युलेटर रेडियनवर’ हे चालेल. उत्तर बघून कळलेलं गणित सुटलं असं धरू नका. ते दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सुटलं तरच सुटलं.

क्लासबद्दल. फलकावर किती छान शिकवतात यावरून ठरवू नका. दीड तासातली किती मिनिटं मुलं स्वतः लिहितात? चाचणीत मागचे धडे येतात की नुकताच संपलेला एकच? तपासलेला पेपर किती दिवसांत हातात येतो, आणि चुकलेलं पुन्हा सोडवून घेतात का? या प्रश्नांची उत्तरं बरी असतील तर आहे तो क्लास पुरे. घरच्या शिकवणीत तर उलटाच धोका असतो. शिक्षक समोर बसून गणितं सोडवून दाखवतात, मुलगी मान डोलावते आणि घरात दुसरा फलक तयार होतो. शिकवणी लावलीच, तर पहिली दहा मिनिटं मुलगी बोलेल आणि पेन तिच्याच हातात राहील, हे आधी ठरवून घ्या. तिला विषय शिकवणाऱ्यापेक्षा सध्या अभ्यासावर नजर ठेवणारं कुणीतरी हवंय: आठवड्यातून एकदा अर्धा तास, चुकांची वही बघायला, तारखा पाळल्या का ते विचारायला, पुढच्या आठवड्याचं ठरवायला. हे काम तुम्हीही करू शकता, पण तेवढ्या अर्ध्या तासापुरतंच. शिक्षक असलेल्या आईच्या घरी जेवतानाही तोंडी परीक्षा सुरू होते आणि मूल चुका लपवायला शिकतं. चूक लपली की वरचं सगळं वाया जातं.

तुमच्या आठवीच्या वर्गाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तोही प्रश्न तितकाच मोलाचा आहे. तासाची पहिली पाच मिनिटं चार प्रश्न फळ्यावर द्या: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. उत्तरं वहीच्या मागे, गुण नाहीत, तपासायचं ज्याचं त्याने. गुण दिले की नक्कल सुरू होते आणि तुम्हाला खोटं चित्र दिसतं.

तोंडी प्रश्न विचारल्यावर थांबा. विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद वाट बघतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो.

‘समजलं का?’ हा प्रश्न तर सोडूनच द्या. त्याऐवजी तासाच्या मध्यावर एकच बहुपर्यायी प्रश्न ठेवा, ज्याचे चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गैरसमजांतून आलेले असतील. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? शून्य, खालच्या दिशेने, वरच्या दिशेने, की बदलत असतं? सगळ्यांनी एकाच वेळी बोटांनी पर्याय दाखवायचा. बहुतेकांचं बरोबर आलं तर पुढे जा. वर्ग अर्धा-अर्धा विभागला गेला तर उत्तर न सांगता दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायला लावा आणि पुन्हा बोटं मागा. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्र याच रीतीने शिकवलं. जवळजवळ सगळेच चुकले तर मात्र चर्चेचा उपयोग नाही, तो भाग तुम्हीच वेगळ्या उदाहरणाने पुन्हा घ्या.

पेपर परत देताना पहिल्या दिवशी गुण देऊ नका. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही, आकडा दिसला की शेऱ्याकडे लक्ष राहत नाही. मोठ्या वर्गात प्रत्येकाला शेरा लिहिणं शक्य नसतं, हे मान्य. मग वरचेच १ ते ५ आकडे समासात टाका आणि तासाची १५ मिनिटं दुरुस्तीला द्या. घरी दुरुस्त करून आणा म्हटलं की होत नाही. गुण दुसऱ्या दिवशी.

आता शाखा. सहा आठवड्यांनंतरच्या चाचणीचा तसाच तक्ता करा आणि पहिल्याशेजारी ठेवा. २ आणि ४ घटले असतील तर अडचण पद्धतीची होती, विज्ञानाची नव्हती. एकूण गुण थोडेच वाढले असले तरी हा निष्कर्ष बदलत नाही. ३ रेंगाळत असेल तर अजून दोन महिने द्या, निवड करायला शिकणं हे पाठांतरापेक्षा सावकाश येतं. १ तसाच राहिला, तर मागच्या इयत्तांचं गणित तपासा: सूत्रातून हवं ते अक्षर बाजूला काढणं, प्रमाण, आलेखाचा चढ, त्रिकोणमितीची मूळ गुणोत्तरं. यातलं कच्चं असेल तर दोन-तीन आठवडे फक्त त्यालाच द्या. तो पाया नसेल तर भौतिकशास्त्राची कुठलीही शिकवणी लागू पडणार नाही, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी तोच पुन्हा आडवा येईल.

पाया पक्का आहे, पद्धत पाळली गेली, तरीही गुण हलले नाहीत, असं झालं तर शाखेबद्दल तिच्याशी मोकळेपणी बोला. तेव्हा तिला गुणांविषयी विचारू नका. अडलेलं गणित सोडून उठताना तिला सुटल्यासारखं वाटतं, की ते डोक्यात घोळत राहतं, हे विचारा. घोळत राहत असेल तर विज्ञान राहू द्या. सुटल्यासारखंच वाटत असेल आणि दुसऱ्या एखाद्या विषयाचं पुस्तक ती कुणी न सांगता उघडत असेल, तर मुदतीच्या आत अर्ज भरा आणि कोऱ्या कागदाची सवय त्या विषयालाही तशीच चालू ठेवा.