पूर्ण फी भरायचीच, असं ठरवून आलेले आईबाबा

जूनमध्ये सातारा जिल्ह्यातलं एक जोडपं समुपदेशनाला आलं. वडील सहकारी संस्थेत नोकरीला, आई घरून शिवणकाम करते. मोठी मुलगी बारावी झालेली, सीईटीत 86 पर्सेंटाइल. धाकटा मुलगा दहावीत. पुण्यातल्या एका महाविद्यालयाने मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा देऊ केली होती आणि "आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर जागा जाईल" असं सांगितलं होतं. पैसे भरायचे हे दोघांचं ठरलेलंच होतं. तरी आईला रात्ररात्र झोप येत नव्हती. वडिलांचं म्हणणं एकच होतं, "उद्या पोरीने म्हणायला नको की बाबांनी पैशाकडे बघून माझी शाखा बदलली."

ही चिंता दर हंगामात अनेक घरांत असते. फीचा आकडा मोठा असतोच. त्यापेक्षा मोठी असते ती पूर्ण फी भरली नाही तर आपण आईबाप म्हणून कमी पडलो, ही भावना. आणि ती मनात असताना आकडेमोड करणंसुद्धा कंजूषपणाचं वाटतं. या घरात तेच झालं होतं. चार वर्षांचा हिशेब कुणी कागदावर मांडलाच नव्हता.

पहिल्या भेटीत तो मांडला. मंजूर फी वर्षाला 1,65,000, वसतिगृह आणि मेस 1,20,000. म्हणजे वर्षाला 2,85,000 आणि चार वर्षांचे 11 लाख 40 हजार. शिवाय "एकदाच द्यायचे" म्हणून सांगितलेले 2 लाख, ज्याची पावती मिळणार नव्हती. एकूण 13 लाख 40 हजार. उभे कसे करणार होते? 4 लाखांची मुदत ठेव मोडून, पीएफमधून 6 लाख काढून आणि उरलेल्यासाठी दागिने तारण ठेवून.

त्या पावतीशिवायच्या 2 लाखांबद्दल स्पष्टच सांगितलं. राज्यात 1987 पासून कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मंजूर फीवर मागितलेले पैसे, यांवर बंदीचा कायदा आहे. प्रत्येक खासगी व्यावसायिक महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रवेशासाठी त्यापलीकडे पावतीशिवाय मागितलेला रुपयाही देऊ नये.

पीएफचं नुकसान लगेच दिसत नाही. वडील 47 वर्षांचे, निवृत्तीला 11 वर्षं. सव्वाआठ टक्के व्याजदर टिकला तर आजचे 6 लाख तोवर सव्वाचौदा लाखांच्या पुढे जातात. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी कुणी देत नाही. हे ऐकल्यावर वडील बराच वेळ गप्प होते.

मग उत्पन्न विचारलं. वडिलांचा पगार महिना 52,000, आईचे सरासरी 8,000. वर्षाचे 7 लाख 20 हजार. कुटुंब ओबीसी. इथे चित्रच पालटलं. 2024-25 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा, संस्था स्तरावरचे प्रवेश, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांना ही सवलत नाही. जी जागा घ्यायला हे दोघं निघाले होते, ती घेतली असती तर मुलीचा हक्कच गेला असता. आईने विचारलं, "हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?" फार रास्त प्रश्न आहे. कोट्याची जागा देऊ पाहणारा माणूस हे सांगत नाही.

दुसऱ्या भेटीत मुलगी एकटी बोलली. ठेव मोडायची हे तिला माहीत होतं, भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "मला कॉम्प्युटरच पाहिजे असं मी म्हटलं होतं, पुणेच पाहिजे असं नव्हतं म्हटलं." घरच्या पैशाचं सांगितलं तर पोर अपराधी होईल, ही आईबाबांची भीती. पण बहुतेक मुलांना अर्धवट माहिती आधीच असते, आणि अपराधीपणा वाढतो तो त्या अर्धवटपणामुळे. म्हणून पूर्ण आकडा सांगावा, एकदाच, शांतपणे, आणि "तुझ्यासाठी आम्ही" हे शब्द टाळून. वडिलांना घरी म्हणायचं वाक्य ठरवून दिलं: "वर्षाला आपण साठ हजार घालू शकतो. त्यावर लागतील ते कुठून आणायचे, हे तिघांनी मिळून बघू." त्यांनी तसंच म्हटलं.

कॅपसाठी महाविद्यालयांचे पर्याय भरताना तिघं एकत्र बसले. एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: 2025-26 पासून पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही, तिसरीत पहिल्या सहांपैकी. तेव्हा ज्याचा वसतिगृहासकट खर्च पाहिलेला नाही असं महाविद्यालय वरच्या क्रमांकांत टाकायचं नाही. मुलगा असता तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागाही वेगळ्या भरायला सांगितल्या असत्या; त्यांचा चॉइस कोड निराळा असतो, शेवटी इंग्रजी टी. धाकट्यासाठी आईने ते वहीत लिहून ठेवलं.

घोळ होतो तो कागदपत्रांत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि मुदतीत असलेलं नॉन क्रीमीलेअर हे सगळं हाती हवं. प्रमाणपत्रासाठी अर्ज केल्याच्या नुसत्या पावतीवर प्रवेश घेतला आणि मूळ प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर राखीव जागेचा दावा जातो. दाखला, आधार आणि गुणपत्रिका यांवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शुल्कमाफीचा अर्ज परत येतो, आणि परत आलाय हे विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने कळत नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून बघावं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो, आणि दुसऱ्या वर्षी तो विसरणारे खूप आहेत. पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे निर्देश आहेत. तरी कुणी मागितलं तर लेखी मागणी करायला सांगावं. ज्यांनी आधीच कुठे पैसे भरलेत, त्यांनी ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द करावा. हजार रुपयांपर्यंत कपात होऊन बाकी परत मिळतात.

दुसऱ्या फेरीत कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सची जागा मिळाली. शिक्षण शुल्क 1,05,000, ते माफ. विकास शुल्क माफ होत नाही, ते 10,500. वसतिगृह आणि मेस 75,000, पुस्तकं आणि एसटीचं भाडं धरून 12,000. वर्षाला 97,500. त्यातले 60,000 पगारातून आणि 37,500 शैक्षणिक कर्जातून, म्हणजे चार वर्षांचं कर्ज दीड लाख. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. 10 टक्के दराने सात वर्षांसाठी महिना 2,500 च्या आसपास. शिकत असतानाचं व्याज दरमहा भरत राहिलं तर ते मुद्दलात मिसळत नाही. चौथ्या वर्षी ते महिना 1,250 असेल. जुनी करप्रणाली निवडली असेल तर व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

कर्ज घ्यायला वडील तयार नव्हते. "पोरीच्या डोक्यावर कर्ज कशाला?" मुलगीच म्हणाली, "बाबा, अडीच हजार मी भरीन. तुमचा पीएफ राहू दे." दागिने कपाटातच राहिले, ठेवही मोडली नाही. धाकट्याच्या अकरावीच्या खर्चासाठी आईने त्या ठेवीचं नूतनीकरण केलं आणि मुलीच्या महाडीबीटीच्या नूतनीकरणाची आठवण कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली.