प्रश्न तुमचे : लॉकसाठी थांबायचं तरी कसं?

प्रश्न : आमच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये एकच स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत कोअरला जागेवरच फिरत ठेवणारा लॉक) आहे. चार कोअरवर काम सुरळीत चालतं, पण 64 कोअरच्या सर्व्हरवर उलट मंदावतं. लॉक धरून आम्ही फक्त दोन-तीन काउंटर बदलतो. मग वेळ जातो कुठे? म्युटेक्स (थांबणाऱ्याला झोपवणारा लॉक) वापरू का?

उत्तर : वेळ जातो तो थांबण्यात. साध्या स्पिनलॉकमध्ये थांबलेले सगळे कोअर मेमरीतली एकच जागा वाचत फिरत राहतात. ती जागा ज्या कॅश लाइनमध्ये (कोअरजवळच्या वेगवान मेमरीतला एक तुकडा, एक्स86 प्रोसेसरवर 64 बाइटचा) असते, तिची प्रत प्रत्येकाकडे असते. लॉक सोडताना तिथे लिहिलं की साऱ्या प्रती बाद होतात आणि सगळे एकदम नवी प्रत मागतात. गर्दी वाढेल तसं लॉक पुढच्याच्या हाती देणं महाग होत जातं. 2008 मध्ये लिनक्स 2.6.25 ने टिकिट स्पिनलॉक आणला. त्यामुळे ज्याची पाळी त्याला लॉक मिळू लागला, पण नजर सगळ्यांची त्याच जागेवर राहिली.

खरा तोडगा मेलर-क्रमी आणि स्कॉट या संशोधकांनी 1991 मध्येच मांडला होता. थांबणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा नोड (मेमरीतली वेगळी नोंद) द्यायचा. येणारा रांगेच्या शेपटीला स्वतःला जोडतो आणि आपल्याच नोडमधला फ्लॅग वाचत राहतो. लॉक सोडणारा फक्त पुढच्याच्या नोडवर लिहितो. लिनक्स 4.2 पासून (2015) एक्स86 वरचा क्यूस्पिनलॉक हेच काम चार बाइटच्या लॉकमध्ये करतो. एकटाच थांबला असेल तर त्याला नोडही लागत नाही, लॉकमधल्याच एका ‘पेंडिंग’ बिटवर भागतं. हे फार सुंदर डिझाइन आहे.

पण तुमचे काउंटर ज्या लाइनवर आहेत ती कोअरमागून कोअर फिरणारच. लॉक कितीही चांगला असला तरी ते टळत नाही. म्हणून काउंटर पर-सीपीयू (प्रत्येक कोअरला स्वतःचा) करा आणि बेरीज वाचतानाच घ्या. बहुधा लॉकची गरजच उरणार नाही.

म्युटेक्स इथे नको. झोपणं आणि उठणं यांत दोन कॉन्टेक्स्ट स्विच (कोअरवरचा थ्रेड बदलणं) जातात, ते तुमच्या कामापेक्षा कितीतरी महाग. लिनक्सचा म्युटेक्सही, लॉकधारक दुसऱ्या कोअरवर चालू असेल तर, झोपण्याआधी थोडा फिरून पाहतो. शिवाय इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला लगेच उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) झोपता येत नाही, म्हणून तिथे म्युटेक्स चालत नाही.

प्रश्न : आमचा कर्नल थ्रेड अट तपासतो, खोटी असेल तर स्वतःची स्थिती ‘झोपलेला’ करून शेड्यूल() (कोअर दुसऱ्या थ्रेडला देणारं फंक्शन) बोलावतो. कधीतरी तो उठतच नाही. का?

उत्तर : तपासणी आणि स्थिती बदलणं यांच्या मधल्या फटीत दुसऱ्याने अट खरी करून वेक-अप पाठवला. तेव्हा थ्रेड जागाच होता, त्यामुळे वेक-अप वाया गेला. क्रम उलटा करा : आधी वेट क्यूमध्ये (थांबलेल्यांच्या रांगेत) नाव, मग सेट_करंट_स्टेट() ने स्थिती, मग अटीची तपासणी, शेवटी शेड्यूल(). आता मध्येच वेक-अप आला तर तो स्थिती पुन्हा ‘चालू’ करतो आणि शेड्यूल() झोपवत नाही. उठवणाऱ्याने आधी अट लिहायची, मग वेक_अप() करायचं. सेट_करंट_स्टेट() मध्ये मेमरी बॅरिअर (लिहिणं-वाचणं यांचा क्रम उलटू न देणारी सूचना) असतो. त्याच नावाच्या, पण दोन अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या __सेट_करंट_स्टेट() मध्ये नसतो, तो इथे वापरू नका. जमेल तिथे सरळ वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल() घ्या. तो हा क्रम स्वतःच पाळतो, फक्त त्याने परत दिलेली किंमत तपासा : शून्य नसेल तर थ्रेड सिग्नलमुळे उठला आहे, अट अजून खोटीच आहे.